इथं ‘येतो’ म्हणायचं नाही

आपा, तुम्ही गेल्याचं मला वॉकीटॉकीवर कळलं, आणि कळायला फार वेळ लागला.

सकाळची तपासणी चालू होती. तुमची सुट्टी होती, तुम्ही मलकापूरला घरी होतात. गजाननभाऊ जीप घेऊन धावपट्टीवर शिरायच्या बेतात होते आणि मी आपल्या ऑपरेशन्सच्या खोलीत खिडकीजवळ बसले होते. मध्येच त्यांचा आवाज आला, “ताई, आपा गेल्या.”

मी तुम्ही शिकवलंत तेच केलं. बटण दाबून विचारलं, “कुठून गेल्या? पुन्हा सांगा.”

पलीकडून नुसती खरखर. मला वाटलं, सुट्टी टाकून तुम्ही परत आला असाल आणि दुसऱ्या जीपमध्ये बसून कुंपण बघायला निघाला असाल. तुमचा काही नेम नव्हता. मी पुन्हा विचारलं, “गजाननभाऊ, आपा कोणत्या गेटमधून गेल्या?”

“गेटातून नाही ना ताई,” ते म्हणाले आणि त्यांचा आवाज फाटला. “वारल्या आपा. पहाटं छातीत दुखलं म्हने. त्याईच्या भावाचा फोन आलता मले.”

मी “समजलं” म्हटलं. ऐकलेलं पोचलं हे कळवल्याशिवाय बटण सोडायचं नाही, हेही तुमचंच. मग मी बटण सोडलं. समजलं काहीच नव्हतं.

दुसरीकडे कुठेही, एखादं माणूस गेलं म्हटल्यावर कुणी ‘कुठून’ असं विचारत नाही. आपल्या विमानतळावर विचारतात. तुम्ही ती सवय लावलीत. ती का लावलीत हे तुम्हाला मी सांगण्याची गरज नाही, पण मला ते सगळं एकदा सरळ लावून बघायचं आहे. तुम्ही गेल्यापासून प्रत्येक जण तुमच्याबद्दल काहीतरी वेगळं सांगतो आहे, आणि मला भीती वाटते की मीही थोड्याच दिवसांत त्यांचंच आठवू लागेन.

आपली पहिली भेट झाली तेव्हा विमानतळ नव्हताच. बीबी गावाच्या पुढे महामार्गापासून आत मुरमाचे ढीग होते, रोलर होते आणि ऑफिस म्हणून एक पत्र्याचा कंटेनर होता. कंपनीने फाटकावर बोर्ड मात्र आधीच लावला होता आणि त्यावर ‘आंतरराष्ट्रीय’ हा शब्द बाकीच्या नावापेक्षा मोठा होता. तुम्ही बोर्डाखाली उभ्या राहून म्हणालात, “अजून अथी एसटी थांबत नाही, अन् नाव पाह्य!” मी हसले नाही. नोकरीचा पहिला दिवस, हसायचं असतं की नसतं ते मला ठाऊक नव्हतं. तुम्ही नाव विचारलंत. मी म्हटलं, मृण्मयी. तुम्ही लगेच ते वॉकीटॉकीवर म्हणून पाहिलंत. पलीकडून कुणीतरी विचारलं, “काय मयी?” तुम्ही माझ्याकडे वळून म्हणालात, “मुन्नी. झालं.”

मला ते आवडलं नव्हतं. मी बोलले नाही. मी बुलढाण्याच्या इंग्रजी शाळेत शिकले, तिथे मराठीत बोललं की वर्गाबाहेर उभं राहावं लागायचं, त्यामुळे मला दोन्ही भाषांत गप्प बसता येतं. तुम्ही कापसाच्या व्यापाऱ्याच्या घरातल्या, मुंबईच्या मोठ्या विमानतळावर बरीच वर्षं काढून अम्मींसाठी परत आलेल्या, आणि तुम्हाला कुठल्याच भाषेत गप्प बसता येत नव्हतं. माझ्या बोलण्याला तुम्ही ‘इस्त्रीचं मराठी’ म्हणायचात.

आपली खोली म्हणजे मधलं घर होतं. टॉवर सरकारचा, धावपट्टी कंपनीची. टॉवरमध्ये बाहेरून आलेली माणसं, त्यांची हिंदी आणि इंग्रजी. जीपवर बीबीची आणि आसपासच्या गावांतली माणसं. प्रत्येक विमानाआधी जीप धावपट्टीवरून फिरून यायची. कुठे दगड, कुठे मेलेला पक्षी, कुंपण मोडून घुसलेला रोही, म्हणजे नीलगाय. मग जीपवाल्याने आपल्याला सांगायचं आणि आपण टॉवरला सांगायचं, धावपट्टी मोकळी. ते सांगितल्याशिवाय विमान हलत नाही. एवढासा शब्द, पण त्याचं ओझं मी आधी तुमच्या चेहऱ्यावर पाहिलं आणि आता स्वतः उचलते आहे.

ती सकाळ तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त आठवत असणार. विमानतळ उघडायच्या आधीचे दिवस. उपकरणं तपासायला एक छोटं विमान येऊन घिरट्या घालायचं. थंडी होती, पठारावर धुकं होतं. आपली धावपट्टी मध्ये थोडी फुगलेली आहे, त्यामुळे पलीकडचं टोक आपल्या खिडकीतून एरवीही दिसत नाही. गजाननभाऊंनी अलीकडचा भाग तपासला आणि म्हणाले, “इकडचं झालं आपा. येतो मंग.”

तुम्ही टॉवरला सांगितलंत, धावपट्टी मोकळी.

आपल्याकडे निघताना कुणी ‘जातो’ म्हणत नाही. दुकानातून, लग्नातून, दवाखान्यातून, माणूस सगळीकडून ‘येतो’ म्हणूनच निघतो. तुम्ही ऐकलंत, निघालो, म्हणजे धावपट्टीवरून निघालो. गजाननभाऊंनाही निघालो असंच म्हणायचं होतं, पण या टोकाकडून त्या टोकाकडे. शब्द एक, अर्थ एक, आणि तरी जीप धावपट्टीवर आणि विमान तिच्या दिशेने. टॉवरमधल्या माणसाला धुक्यात जीपवरचा पिवळा दिवा दिसला. तोवर विमान इतकं खाली आलं होतं की मला त्याची चाकं दिसली. ते ओरडल्यासारखा आवाज करत पुन्हा वर गेलं. टेबलावरचे चहाचे कप हलले.

तुम्ही टॉवरशी नीट बोललात. गजाननभाऊंना बाहेर बोलावलंत. प्रमुख साहेबांना स्वतः फोन लावलात आणि चूक कुठे झाली ते स्पष्ट सांगितलंत. आवाज एकदाही हलला नाही. पण तुमचा डावा हात टेबलाखाली होता आणि तो सारखा उघडत-मिटत होता, तुमचा नसल्यासारखा. मी तो पाहिला. तुम्ही मला पाहताना पाहिलंत. मग बाथरूममधून तोंड धुऊन आलात आणि ओढणीने चेहरा पुसत म्हणालात, “मुन्नी, विमानाचं कोणालेही सांग. उलटीचं नको सांगू.”

आणि थोड्या वेळाने, काही न विचारता, “माह्या जागी तू असती त तूनं विचारलं असतं, कुठं येता म्हनून. तुले मराठी येत नाही तेच बरं हाये.”

दुसऱ्या दिवशी तुम्ही सगळ्या जीपवाल्यांना कंटेनरमध्ये बोलावलंत. “आजपासून इथं ‘येतो’ म्हनायचं नाही. धावपट्टीच्या भायेर पडले की ‘गेलो’ म्हनायचं. अन् आयकनाऱ्यानं विचारायचं, कुठून. तो गेट सांगन. मंगच मोकळी.”

मग गजाननभाऊच म्हणाले, “आपा, सकायी सकायी तोंडातून ‘गेलो’ काढू? माह्या बुढीनं आयकलं त घरात घेनार नाही मले.”

“तुही बुढी वॉकीटॉकीवर हाये का बे?”

सगळे हसले, पण हसून झाल्यावर पुन्हा तसेच उभे राहिले. मी त्या दिवशी कधी नव्हे ते तोंड उघडलं. म्हटलं, धावपट्टी सोडली यासाठी ‘व्हेकेटेड’ हा शब्द आहे, जगभर तोच वापरतात, तो शिकवू. तुम्ही म्हणालात, शिकव. मी आठवडाभर शिकवला. सगळ्यांना यायला लागला. आठवड्याच्या शेवटी गजाननभाऊंनी धावपट्टीवरून बाहेर पडत मोठ्याने कळवलं, “रनवे व्हॅक्सिनेटेड, ताई! दुसरा डोसबी झाला!” तुम्ही खुर्चीत मागे रेलून इतक्या हसलात की टॉवरने विचारलं, काय झालं. माझा शब्द त्या दिवशी संपला.

आपलं भांडण मात्र तिथे सुरू झालं आणि ते संपलं नाही. कॅन्टीनमध्ये, तुमच्या बीबीतल्या भाड्याच्या खोलीवर, कुंपणाकडेने चालताना, आपण तेच बोलत राहिलो. म्हणजे तुम्ही बोलायचात आणि मी मध्ये मध्ये.

“भेव वाटलं की माणूस शाळेतला शब्द नाही बोलत. घरचा बोलते.”

“मग घरचाच द्या, पण साधा द्या. हा अशुभ आहे त्यांच्यासाठी.”

“म्हनूनच त. तो बोलतांना जीभ थांबते. मले तेवढं थांबनंच पाह्यजे.”

मी म्हणायची, माणसांना रोज सकाळी घाबरवून काम करून घेणं बरोबर नाही. तुम्ही म्हणायचात, “मी कोणाले घाबरवत नाही. भेव आधीपासून हाये, मी त्याले कामाले लावलं.”

याला माझ्याकडे उत्तर होतं, आपा. मी ते तयार करून ठेवलं होतं, मराठीत. धुकं असलं की तुम्ही पहिलं विमान जाईपर्यंत काही खात नव्हतात. गजाननभाऊंनी गेट सांगितल्यावरही तुम्ही खिडकीशी जाऊन उभ्या राहायचात, जिथून काही दिसत नाही. तुमचा डावा हात टेबलाखालीच असायचा. मला म्हणायचं होतं की तुम्ही भीतीला कामाला लावलेलं नाही, तिने तुम्हाला लावलंय. एखादी निवांत दुपार बघून म्हणणार होते. मी सगळ्याच गोष्टींसाठी निवांत दुपार बघते.

आणि तुम्ही मला किती दिलंत, तेही मी कधी बोलले नाही. मला वॉकीटॉकीवर बोलता यायचं नाही. बटण दाबलं की तोंडातून शब्द फुटायचा नाही आणि मी तशीच बसायची. दुसरं कुणी असतं तर माझ्या हातातून ते काढून घेतलं असतं. तुम्ही म्हणालात, “बोलनं येत नसन त नुसतं बटन दाबून ठेव. खरखर जाऊ दे त्याईले. इकडं कोणीतरी हाये, एवढं त समजन.” मी कितीतरी दिवस जीपवाल्यांना नुसती खरखर पाठवली. गजाननभाऊ पलीकडून म्हणायचे, “हाव ताई, हाव, समजलं.” एक दिवस त्या खरखरीतून माझा आवाज आला. तुम्ही मान वर केली नाहीत, मला त्याचंच जास्त बरं वाटलं.

विमानतळ उघडल्यावर गर्दी झाली ती प्रवाशांची नव्हे, बघणाऱ्यांची. रविवारी आजूबाजूची माणसं मुलांना घेऊन यायची, बोर्डाखाली फोटो काढायची, फाटकाबाहेर चहा प्यायची आणि एखादं विमान बघून घरी जायची. देशातल्या देशात मोजकी विमानं होती. परदेशी जाणाऱ्यांसाठी बांधलेले काउंटर प्लास्टिकच्या आवरणाखाली कितीतरी महिने झाकलेले होते. दुपारी काम नसलं की तुम्ही त्यातल्या एका काउंटरमागे जाऊन बसायचात. “पासपोर्ट दाखव. कुठं चालली? परत येशीन का? तोंडी चालनार नाही, लिहून दे.” मी इकडेतिकडे बघायची, कुणी बघत तर नाही ना. कुणी बघत असलं तरी तुम्हाला चालायचं.

मग जेद्दाचं विमान ठरलं. उमऱ्याला, म्हणजे मक्केच्या यात्रेला, जाणाऱ्या लोकांसाठी, आपलं पहिलं परदेशी विमान. प्लास्टिक निघालं. मलकापूर, मेहकर, वरवट बकाल, कुठून कुठून लोकांनी जागा धरल्या. तुम्ही अम्मींची आणि भावाची तिकिटं काढलीत. अम्मींना विमानाची भीती. तुम्ही त्यांना माझ्यासमोर फोनवर सांगितलंत, “अम्मी, मेरे मूंह से ‘मोकळी’ निकले बगैर तुम्हारा जहाज जमीन नहीं छोडता. और क्या चाहिए?” त्या दिवसाची ड्यूटी तुम्ही स्वतःसाठी धरून ठेवली होतीत. अम्मी निघणार होत्या त्याच्या थोडे दिवस आधी तुम्ही गेलात.

मी मलकापूरला आले होते, आपा. बायकांच्या खोलीत भिंतीला टेकून बसले. काय म्हणायचं असतं ते मला माहीत नव्हतं. अम्मींनी माझं मनगट धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही. उमऱ्याला जायचं की नाही यावर तिथेच बोलणं चाललं होतं. तुमचे भाऊ म्हणाले, जाऊ, तिच्यासाठीही दुआ मागू. अम्मींनी मान डोलावली आणि मग माझ्याकडे बघून विचारलं, “अब वहाँ कौन बोलेगा, बेटा? मोकळी?”

बोलणार होते ती मीच. कारण त्याच सकाळी साहेबांचा फोन येऊन गेला होता. “मृण्मयी, नसीम की जगह अभी तुम देखो. और कोई है नहीं.” ते वाईट माणूस नाहीत. त्यांच्याकडे खरंच दुसरं कुणी नव्हतं.

कामावर परतले तर गजाननभाऊ ‘येतो’ म्हणायला लागले होते. त्यांचं ऐकून बाकीचेही. मी जीप उभी असते तिथे गेले आणि म्हटलं, भाऊ, आपांनी सांगितलं होतं ना? ते बॉनेटवर हात टेकून उभे होते. वर न बघता म्हणाले, “ताई, मले म्हनायले लावू नका. आपाईनं आमच्या तोंडातून रोज ते काढून घेतलं. रोज, इतक्या जनाईच्या तोंडातून. लागलं ना शेवटी.”

मी शिकलेली आहे, मला हसू यायला हवं होतं, किंवा राग. मला भीती वाटली. एका क्षणासाठी मी ते खरं धरलं. आणि तो क्षण गेल्यावर त्याच्या जागी माझी स्वतःची भीती आली, ती त्यांच्यापेक्षा वाईट होती. शब्दाने नव्हे, त्या रोजच्या थांबण्याने, त्या टेबलाखालच्या हाताने तुमचं हृदय झिजवलं असेल तर? आणि आता मी त्याच खुर्चीत बसणार आहे. डॉक्टरांनी तसं काही म्हटलेलं नाही. मला कुणाला विचारायचंही नाही.

मी गजाननभाऊंना काही बोलले नाही. तेव्हाच बोलायला हवं होतं असं तुम्ही म्हणाल. पण कुणाच्या तोंडून जबरदस्तीने तो शब्द काढणं, तेही तुमच्यानंतर, मला जमलं नाही. मी ठरवलं, ते ‘येतो’ म्हणाले की मी गेट विचारीन आणि चालवून घेईन. एरवीच्या विमानांना ते चाललंही.

जेद्दाच्या दिवशी सकाळी धुकं होतं.

अम्मी विमानात बसल्या होत्या. मी त्यांना चढताना पाहिलं नाही, मी खोलीतून बाहेर पडू शकत नव्हते. दारं लागली, जिना निघाला, टॉवरने विचारलं, धावपट्टी? मी जीपला विचारलं. गजाननभाऊंचा आवाज आला, तुटक, मध्ये वारा, “झालं ताई. येतो.”

“कोणत्या गेटमधून?”

खरखर. मग पुन्हा, “येतो ना ताई.”

खिडकीबाहेर पांढरं होतं. धावपट्टीची सुरुवात दिसत होती, दिव्यांची एक ओळ, आणि पुढे काही नाही. टॉवरने दुसऱ्यांदा विचारलं. मला माहीत होतं की गजाननभाऊ बाहेर असणार. ते कधीचे या कामात आहेत, शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा ते बाहेरच असतात. मला ‘मोकळी’ एवढंच म्हणायचं होतं. तोंडापर्यंत आलं होतं. आणि मला ती चाकं दिसली, त्या दिवसाची.

मी टॉवरला म्हटलं, थांबवा. मोकळी नाही.

इंजिनांचा आवाज चालू होता पण विमान जागचं हलत नव्हतं. साहेब दारात आले. “क्या हुआ? कुछ दिखा?” मी मान हलवली, नाही. “तो फिर?” मला सांगता येईना. इंग्रजीतही नाही, हिंदीतही नाही. मी पूर्वीसारखी बटण दाबून तशीच बसले. पलीकडे नुसती खरखर गेली असणार, कारण गजाननभाऊ म्हणाले, “ताई? हावो ताई, आयकून राह्यलो.”

आणि मग मला बोलता आलं. मी म्हटलं, “गजाननभाऊ, येऊ नका. जाऊही नका. तुम्ही कुठे उभे आहात, तेवढं सांगा.”

मग ते सावकाश म्हणाले, “पलीकडच्या गेटाच्या भायेर उभा आहो. जीप बंद केली. गेटाले कुलूप लावलं, चाबी माह्या हातात हाये.” आणि थोडं थांबून, “लय वेळचा अथीच उभा आहो ताई. विमान काऊन थांबलं?”

मी टॉवरला सांगितलं, धावपट्टी मोकळी. माझा आवाज कसा होता मला माहीत नाही. विमान आपल्या खिडकीसमोरून गेलं, पांढऱ्यात शिरलं, आणि आवाज जमिनीवरून सुटला तेव्हा मी वॉकीटॉकी खाली ठेवला.

म्हणजे काहीच झालं नव्हतं, आपा. गजाननभाऊ ‘येतो’ म्हणाले तेव्हा ते बाहेरच होते. मी विमान उगाच थांबवलं. साहेब रागावले नाहीत, फक्त म्हणाले, “सब ठीक था ना? पहला इंटरनॅशनल था, सब देख रहे थे.” मी हो म्हटलं. त्या दिवसापासून मी जीपवाल्यांना तुमचा शब्दही मागत नाही आणि त्यांचाही नाही, उभे आहात ती जागा सांगा म्हणते. ते सांगतात. आपल्या भांडणात मी अशी तुमच्याविरुद्ध गेले आणि तुम्ही काही बोलू शकला नाहीत, हे मला बरं वाटत नाही. पण ते काही मला छळत नाही. मला छळतं ते दुसरंच. ते थांबवणं शहाणपणाचं होतं की नुसती भीती? तुम्ही असतात तर मी तुमच्या चेहऱ्याकडे बघून ओळखलं असतं.

काल अम्मी परत आल्या. या वेळी माझी ड्यूटी नव्हती, म्हणून मी बाहेर पडण्याच्या दाराशी जाऊन उभी राहिले. भाऊ त्यांना चाकांच्या खुर्चीतून घेऊन आले. त्यांच्या मांडीवर झमझमच्या पवित्र पाण्याचा कॅन होता आणि त्या त्याला दोन्ही हातांनी धरून होत्या. मला बघून त्यांनी खुर्ची थांबवली. जवळ बोलावलं.

“उस दिन जहाज कायकू रुका था, बेटा?”

तुमचे भाऊ म्हणाले, “अम्मी, वो सब चलता रहता है.” पण त्या माझ्याकडेच बघत होत्या.

मी म्हटलं, “मी थांबवलं होतं.”

“कुछ था क्या?”

“काही नव्हतं. मला भीती वाटली.”

त्यांनी यावर विचार केला. आजूबाजूने माणसं सामान ढकलत जात होती, कुणाचे नातलग हार घेऊन ओरडत होते. मग त्यांनी हळूच विचारलं, “नसीम होती तो रोकती?”

तुम्ही मला सांगितलं होतं की जे आपण डोळ्यांनी पाहिलं नाही आणि कानांनी नीट ऐकलं नाही, त्याला कधी हो म्हणायचं नाही. मी तुमच्या अम्मींच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मला उत्तर माहीत नव्हतं, आपा. अजूनही नाही.

मी म्हटलं, “हो. थांबवलं असतं.”

त्यांनी माझं मनगट धरलं, तसंच, मलकापूरसारखं. आणि मग सोडून दिलं.